सुपारीच्या वाडीत लसूण

आमच्या गावात काही गोष्टी इतक्या ठामपणे सांगतात, की नव्या माणसाने निमूट मान डोलवावी. दक्षिणेकडून ढग आले की वाळवण आत घ्यावं. सोमवारी न्हाव्याकडे जाऊ नये, दुकान बंद असतं. आणि या किनाऱ्यावर लसूण होत नाही. पहिल्या दोन गोष्टी मी आजही मानते.

मी घाटावरची. माझ्या माहेरी परसात लसणीची एखादी पाकळी चुकून पडली तरी महिन्याभरात तिला पात फुटायची. लग्न होऊन श्रीवर्धनजवळच्या या सुपारीच्या वाडीत आले, तेव्हा शेजारच्या बायका मला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजल्या होत्या, "घाटावरची आहे, इथल्या दमट हवेत टिकायची नाही." मी टिकले. नुसती टिकले नाही, चांगली रुंदावलेसुद्धा. तेव्हापासून इथे काय टिकतं आणि काय टिकत नाही याबद्दल गावाचं मत मी ऐकून घेते आणि सोडून देते.

सुपारीची वाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. उंच सडसडीत झाडं दाटीने उभी, वर झावळ्यांचं छत आणि खाली भर दुपारी दिवेलागण. पाहुणे येतात, "काय गारवा आहे हो!" म्हणतात आणि दोन दिवसांनी आपापल्या उन्हात परत जातात. मी इथेच राहते. माझे पापड, कुरडया, मिरच्या, सगळं वर्षानुवर्षं शेजारणीच्या गच्चीवर वाळलं. घरात कशाची कमी नव्हती, ऊन मात्र मागून आणावं लागे.

मग ते जूनमधलं वादळ आलं. दुपार कलल्यावर वारा थांबला, आम्ही दार ढकलून बाहेर पडलो, तर फाटकाजवळच्या कोपऱ्यात एकही झाड उभं नव्हतं. सगळी सुपारी आडवी. मामंजी पायरीवर बसून राहिले. ती झाडं त्यांनी हातांनी लावलेली. घरातले सगळे रडले, मीही रडले, आणि अगदी मनापासून रडले. पण चारेक दिवसांनी ऊन पडलं आणि त्या कोपऱ्यातून चालताना मला जमिनीवर एक जाडजूड बाई दिसली. ती माझी सावली होती! इतक्या वर्षांत वाडीत माझी माझ्या सावलीशी गाठ पडली नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं, तेव्हा कमरेवर हात ठेवून दोन वेळा गिरकी घेतली. सावलीनेही घेतली. त्या क्षणी ठरलं, हा कोपरा आपला.

हे अर्थात मी एकटीनेच ठरवलं होतं.

पुढच्या वर्षी मामंजींनी पडलेल्या झाडांच्या जागी केळी लावल्या आणि त्यांच्या आडोशाला सुपारीची नवी रोपं. बाकी ठिकाणी ती धरली. कोपऱ्यातली दोनदा करपली, कारण तिथलं ऊन केळींनाही आवरेना. कोपरा मोकळा राहिला, रस्त्याला लागून, फाटकाशेजारी. आणि माझ्या धाकट्या दिरांना तिथे गाड्या दिसू लागल्या.

आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. त्यांचा कारभार भाऊजी बघतात, स्वयंपाक मी. एका संध्याकाळी ओटीवर भाऊजींनी विषय काढला.

"बाबा, त्या कोपऱ्यात सिमेंट ओतून घेतो. पाहुणा फोनवर पहिलं काय विचारतो, तर पार्किंग आहे का?"

"आणि जेवल्यावर काय विचारतो, ते मला माहीत आहे," मी आतून म्हटलं आणि हात पुसत बाहेर आले. "तो कोपरा मला हवाय."

"कशाला, वहिनी?"

"लसूण लावायला. लसूण आणि छोटे कांदे."

भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं. मामंजी झोपाळ्यावर होते. त्यांनी पायाने झोपाळा थांबवला, म्हणजे आता निकाल लागणार.

"इथे लसूण होत नाही, सूनबाई. खारा वारा आहे."

"तुम्ही लावून पाहिलीत कधी?"

"होत नाही, तर लावू कशाला?"

"मग होत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी."

"त्यांनी लावली होती?"

मामंजींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. आमचे हे या सगळ्या वेळात वर्तमानपत्राच्या एकाच पानामागे बसून होते. ते पान त्यांनी तोवर पाठ केलं असावं.

"असं करू," मामंजी म्हणाले. "शिमग्यापर्यंत कोपरा तुझा. लसूण आली, तर तुझ्याकडेच राहील. नाही आली, तर हा तिथे सिमेंट ओतेल आणि तू पुन्हा त्या कोपऱ्याचं नाव काढायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं, आणि ते इतक्या जोरात म्हटलं की फणसावरचे कावळे उडाले.

दिवाळी झाल्यावर बाजारात गेले. लसूणवाली मला ओळखते. तिने विचारलं, "वयनी, खायाला का लावाला?"

"लावायला."

"हितं न्हाय व्हत वो. घरी न्या, फोडनीला घाला, गप खावा."

असं म्हणत तिने पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे मोठे, घट्ट गड्डे निवडून दिले. तोंडाने नाही म्हणणारी आणि हाताने मदत करणारी माणसं मला फार आवडतात. छोट्या कांद्यांसाठी बाजारात जावं लागलं नाही. पाहुण्यांच्या सांबारासाठी आणलेल्या पिशवीतल्या निम्म्यांना आपणहून मोड आले होते.

वाफे केले. एक फाटकाकडे थोडा उंचावर, एक खाली, पाटाला लागून. झावळ्या कुजून काळी झालेली माती, तिच्यात समुद्रकाठच्या पुळणीची वाळू, जुनं शेणखत, चुलीतली राख. लसणीची एकेक पाकळी शेंडा वर ठेवून बोटभर खोल रोवायची, दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर. कांदा मात्र पुरायचा नाही, नुसता बसवायचा, डोकं बाहेर. कोपरा रस्त्यालगत असल्यामुळे माझ्या शेतीला प्रेक्षक भरपूर. कोळणी टोपल्या घेऊन जाताना थांबत, शाळेतले मास्तर सायकल उभी करत. मला प्रेक्षक असले की कामाचा जोर चढतो. दर वेळी वाकून उठताना मी कमरेला हात लावून असा काही सुस्कारा टाकत असे, की मागच्या रांगेतल्याला ऐकू जावा.

आठवड्याभरात हिरवे कोंब आले. महिन्याभरात वीतभर पात. मी ती थोडी थोडी खुडायला लागले आणि ओल्या पातीची हिरवी मिरची घालून चटणी वाटू लागले. तांदळाच्या भाकरीबरोबर. पाहुणे ती मागून मागून घेत. भाऊजींनी एकदा तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे," ते तोंड भरलेलं असताना म्हणाले. "पण पात म्हणजे लसूण नव्हे. ठरलंय ते गड्ड्याचं."

"अजून एक भाकरी घ्या, म्हणजे बोलायला तोंड मोकळं राहणार नाही."

संक्रांत झाली आणि खालच्या वाफ्यातली पात पिवळी पडू लागली. वेळेच्या फार आधी. एक रोप उपटलं, तर हातात गड्ड्याऐवजी लिबलिबीत काहीतरी आलं आणि वास असा की विचारू नका. मी पाणी अगदी बेताने देत होते. तरी माती बोट रुतेल एवढी ओली. कुणीतरी रोज पाणी सोडत होतं.

मी सरळ भाऊजींना गाठलं. "लढायचं तर समोरून लढा. मुक्या रोपाला बुडवता?"

"वहिनी, देवाशपथ! मी पाटाकडे फिरकत नाही. माझी कंबर बघा, मी वाकतो का कधी?"

हे खरं होतं. भाऊजींना वाकताना कुणी पाहिलं नव्हतं.

मग मी पाळत ठेवली. दुपारची जेवणं आटोपून घर आडवं झालं की मी दोरीवरच्या ओल्या साड्यांआड उभी राहायची. पहिल्या दिवशी फक्त मांजर आली. दुसऱ्या दिवशी मामंजी आले. काठी टेकत आले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पाटाच्या तोंडावरचं मी थापलेलं मातीचं ढेकूळ पायाच्या अंगठ्याने हळूच बाजूला केलं. पाणी खळखळत वाफ्यात शिरलं. मामंजी वाकून लसणीला म्हणाले, "पी, पी."

मी साडी बाजूला सारून रंगमंचावर प्रवेश करावा तशी पुढे आले. "मामंजी!"

ते दचकले, पण हटले नाहीत. "काय?"

"काय चाललंय हे?"

"पाणी दाखवतोय जरा. अख्ख्या वाडीला पाणी मिळतं, हिलाच तू उपाशी ठेवतेस. येता-जाता बघवत नाही मला."

"अहो, कुजतेय ती त्या पाण्याने! ती काय सुपारी आहे रोज पाणी प्यायला?"

"सुपारी नसेल. वाडीत तर आहे ना?"

वाडीवाल्यांचं हे असंच. जन्मभर पाट फिरवलेला माणूस, कोरडी माती दिसली की याच्याच घशाला कोरड पडते. माया करायची म्हणजे पाणी सोडायचं, दुसरी रीत यांना ठाऊक नाही. मी एक पिवळं रोप उपटून त्यांच्या नाकापुढे धरलं. त्यांनी वास घेतला, ढेकूळ काठीने पुन्हा जागेवर लोटलं आणि आत गेले. शिमग्याआधी गड्डे पक्के व्हावेत म्हणून मी वाफ्यांचं पाणी पूर्ण तोडलं, तेव्हा त्यांनी ओटीवरची आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

शिमगा आला. पात पिवळी होऊन माना टाकून पडली होती. मी खुरपं घेऊन कोपऱ्यात उतरले. सगळं घर जमलं, रस्त्यावरचेही चार जण थांबले. खालचा वाफा आधीच संपला होता. वरच्या वाफ्यात मी पहिलं रोप उकरलं, माती झटकली.

गड्डा होता. पांढरा, घट्ट, पाकळ्या नीट भरलेल्या. आणि एवढासा.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "ही लसूण की सुपारी? बाबा, अडकित्ता आणू का?"

सगळे हसले. रस्त्यावरचेही. मी उकरत राहिले. सगळे गड्डे तेवढेच. मग कांद्यांकडे वळले, तर एका कांद्याच्या जागी सहा-सात जण एकमेकांना चिकटून बसलेले, लालसर, चकचकीत. मी तो घोस उचलून हवेत धरला.

"ठरलं होतं लसणीचं," भाऊजी म्हणाले. "कांद्याचं काही ठरलं नव्हतं."

सगळ्यांनी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी एक गड्डा तळहातावर घेतला, झेलून पाहिला, फिरवून पाहिला.

"खालचा वाफा मी बुडवला," ते म्हणाले.

"तुम्ही?" भाऊजी.

"मला बघवलं नाही. ती पाणी बेतानेच देत होती, मी चोरून सोडत होतो." त्यांनी गड्डा माझ्या हातात ठेवला आणि भाऊजींकडे वळले. "हिला अजून एक वर्ष दे."

आता मी वाकून नमस्कार करीन अशा तयारीने सगळे उभे होते. आमच्या ह्यांनी तर मला जागा द्यायला दोन पावलं मागे घेतली. मी कमरेवर हात ठेवले.

"एक वर्ष नको मला."

"म्हणजे?"

"मामंजी, सुपारी लावलीत की फळायला किती वर्षं थांबता?"

"सहा. सात."

"आणि तिला कधी म्हणालात, शिमग्यापर्यंत फळ दे नाहीतर सिमेंट ओततो? दोनदा याच कोपऱ्यात करपली, तरी तिसऱ्यांदा लावायला तयार होतात. लसणीला चार महिने, आणि वर तिच्या नाकातोंडात पाणी! सुपारीएवढी आली, बरं आलं. पुढच्या वर्षी लिंबाएवढी येईल. नाही आली तरी मी लावीन. लसूण आली म्हणून कोपरा माझा असं नाही. मी तिथे राबते म्हणून तो माझा आहे."

रस्त्यावरून कोणीतरी "वा!" म्हटलं. मास्तरांचा आवाज होता. मी त्या बाजूला किंचित मान लववली.

मामंजींनी काठीने माती जराशी उकरली. मग म्हणाले, "बरं. सुपारीचा न्याय लावू. सात वर्षं."

"आणि त्यानंतर?" भाऊजींनी विचारलं.

"त्यानंतर मी नसेन. तुम्ही दोघं बसा भांडत."

यावर कुणालाच हसू आलं नाही. ते स्वतः मात्र हसले आणि खुर्चीकडे चालू लागले.

"अहो पण बाबा, सात वर्षं गाड्या कुठे लावू?"

"नारळाखाली लावा," मी म्हटलं.

"वर नारळ पडला म्हणजे?"

"पाहुण्यांना शहाळं फुकट म्हणून सांगा."

लसणीतले निवडक गड्डे मी बियाणं म्हणून चुलीवरच्या दोरीला टांगले. भाऊजींनी चवीपुरती एक पाकळी मागितली, तीही दिली नाही. पण एक गोष्ट मला ठाऊक होती. दिलेला शब्द आणि रिकामी जागा यांत रिकामी जागा लवकर भरते. शिमग्यानंतर पाहुण्यांचा हंगाम, तेव्हा कोपरा मोकळा दिसला तर सात वर्षांचे सात दिवस व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून अंधार पडायच्या आत दोन्ही वाफे पुन्हा भुसभुशीत केले आणि लाल माठाचं बी मुठीमुठीने फेकलं. उन्हाळ्यात माठ, पावसात काकडीचे वेल, दिवाळीनंतर लसूण. एक दिवसही जमीन उघडी ठेवणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी मोजायची टेप आणि गवंडी घेऊन फाटकात हजर.

"नुसतं मोजून ठेवतो, वहिनी. पुढेमागे लागेल."

"मोजा की," मी म्हटलं. "पण दोघांनीही चपला बाहेर काढा आणि कडेकडेने चाला. आत पेरलंय."

गवंड्याने मुकाट्याने चपला काढल्या. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा, आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला वाकले.