पत्रकातली नऊ किलोची ओळ

पत्रकातलं वाक्य छोटं असावं, हे मी विहाराच्या ओट्यावर बसून शिकले. आधी दारूची पत्रकं लिहिली, मग शाळेच्या गळक्या छताची. त्यानंतर गाडीत बसणाऱ्या लेकरांची लिहायला घेतली, कारण सावली गावापासून चंद्रपूरपर्यंत तेच चित्र दिसायचं. पुढच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर बाळ आणि जंगलातून सुसाट गाडी. बापाला पट्टा, आईला पट्टा, लेकराला नशीब. मला याचा राग येतो. अजूनही येतो.

ताईला मुलगी झाली तेव्हा मी पाळणा दिला नाही, गाडीतली खुर्ची दिली. मागच्या सीटला आवळून बांधायची, आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे राहील अशी. चंद्रपूरचा दुकानदार म्हणाला, "असं कोन घेते बाई इथी?" मग ती नागपूरहून मागवली. ताई शहरात नर्स आहे. दर रविवारी ती, भाऊजी आणि बाळ गावी सासूकडे जातात. वाट सगळी जंगलाची. रानडुक्कर म्हणा, चितळ म्हणा, कचकन ब्रेक लागला नाही असा रविवार विरळाच.

बाळ दहा महिन्यांचं झालं आणि खुर्चीत कुरकुरू लागलं. एका रविवारी मीही सोबत गेले होते. गावात पोचताच भाऊजींनी माझंच पत्रक माझ्यापुढे धरलं.

"साळीबाई, तुम्हीच लिवलं ना? नऊ किलो होईपर्यंत तोंड मागे. नऊ किलो झालं का पुढे फिरवू?"

मी लिहिलं होतं खरं. एका जुन्या पुस्तिकेतून ती ओळ जशीच्या तशी उचलली होती आणि बाजारात, अंगणवाडीत, एसटी स्टँडवर वाटली होती.

ओसरीच्या आढ्याला मोहफुलं तोलायचा काटा लटकत होता. भाऊजींनी बाळाला लुगड्याच्या झोळीत घालून त्यावर टांगलं. काटा नऊच्या जरा पुढे जाऊन थांबला. बाळ खुशीत पाय झाडत होतं. खुर्ची सोडवून फिरवायला भाऊजी पाना शोधू लागले.

ताईच्या सासूबाई चुलीपुढून उठल्या. गावातल्या निम्म्या लेकरांना त्यांनीच पहिलं न्हाणं घातलं आहे.

"थो काटा मोहाचा आहे," त्या म्हणाल्या. "पोट्टी का वाळवून इकाची आहे तुले?"

"माय, वजन तर वजन असते ना. तिनं मान बी कवाच धरली."

"मान धरली म्हनजे डोस्कं उचललं. झटका सोसते असं कोनं सांगतलं?"

त्यांनी पाय लांब करून बाळाला न्हाऊ घालताना घेतात तसं मांडीवर घेतलं. मानेखाली तळवा. आपले पाय हळूच पुढे कलते केले. डोकं, मान, पाठ, सगळं एकसंध त्यांच्या हातावर टेकलं. मग बाळाला समोर तोंड करून बसवलं, खांद्याला धरलं आणि जेमतेम बोटभर पुढे झुकवलं. डोकं सगळ्यात आधी पुढे गेलं. हनुवटी छातीला लागली.

"पाह्य, डोस्कं केवढं आहे. आंगाच्या मानानं तुह्याहून मोठं. मान मात्र शेवग्याच्या कवळ्या शेंगेवानी. हिले मागून धरा लागते. म्या आजवर कोन्या लेकराले काट्यावर नाई पारखलं, हातावर पारखलं."

 गावात रेंज फक्त आंब्याखाली येते, तिथे जाऊन उभी राहिले. नवा नियम शोधला. नव्या मानकात नऊ किलोची अट उरलीच नव्हती. खुर्ची निवडायची ती बाळाच्या उंचीवरून, आणि निदान पंधरा महिने तरी तोंड मागेच. कारण तेच दिलं होतं. डोकं जड, मान कोवळी, धक्का सगळ्या पाठीवर पसरला पाहिजे. कुठल्याशा परदेशात गाड्यांत लेकरांएवढे पुतळे बसवून, आपटून आपटून ज्यांनी हे ठरवलं, त्यांनी या बाईला पाहिलं नव्हतं, आणि या बाईने गाडीतली खुर्ची पाहिली ती माझीच पहिली. खुर्चीची ती खोलगट पाठ म्हणजे सासूबाईंचा तळवाच होता.  मला लाज वाटली.

मी परत येऊन भाऊजींना सांगितलं, "ओळ चुकीची आहे. माझी चूक. फिरवू नका."

"म्हनजे साळीबाईचं पत्रक खोटं, अन् मायची मांडी खरी?"

"हो."

ते हसले, पण पाना खाली ठेवला. पिशवीत उरलेल्या पत्रकांवरची ती ओळ मी ओसरीत बसून एकेक करून खोडली. वाटून झालेली कुठे कुठे गेली, ते आठवून वहीत गावं लिहिली. तिथे परत जावं लागणार होतं.

ऊन उतरायच्या आत निघालो. मी मागे, बाळाशेजारी. वळणावर चितळाची मादी रस्त्यात उडी मारून आली. भाऊजींनी ब्रेक दाबला. पट्टा माझ्या छातीत रुतला, मान हिसकली, ताई किंचाळली. बाळ फक्त खुर्चीच्या पाठीत थोडं खोल दाबलं गेलं, जसं कोणी हातावर तोलून घ्यावं. डोकं जिथल्या तिथे. मी तिच्या मानेमागे बोटं घालून पाहिलं. ती रडलीसुद्धा नाही.

आम्ही तिघं समोर बघत होतो, मादी गेली त्या झाडीकडे. बाळाने मागच्या काचेकडे बोट केलं. मी वळले. राहिलेला सगळा कळप आमच्या मागून, शांतपणे, रस्ता ओलांडत होता.