सौंसरवालीची तिकिटं

भर उन्हाळ्यात, गच्चीवर कुरड्या घालता घालता माझी धाकटी जाऊ दिवाळीचं विमानाचं तिकीट काढायची. हाताला चीक लागलेला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि पिशवीवरूनच तिचं बोट चाललेलं. "झालं," म्हणायची, "पल्लवी येते दिवाळीले." मी साचा फिरवत राहायचे. माझ्या सुमितची दिवाळी तर दूरच, तो पोळ्याला येणार की नाही हेही मला ठाऊक नसायचं. उन्हापेक्षा मला तिचं ते "झालं" जास्त लागायचं.

आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून ओळखतात, म्हणून ती सौंसरवाली आणि मी तिगाववाली. पांढुर्ण्यात आमची घरं एका भिंतीची, त्यामुळे पलीकडचं हसणं अलीकडे ऐकू येतं. तिची पल्लवी आणि माझा सुमित, दोघंही बंगळुरूला नोकरीला. शहर एक, विमान एक, नागपूरहून इकडे येणारी गाडीही एकच. तरी सणाच्या दिवशी चपलांची रास तिच्याच दाराशी. माझ्या दाराशी आम्हा नवराबायकोच्या.

हे वेड तिला लागलं ते पल्लवीच्या नोकरीतल्या पहिल्या दिवाळीला. भाव असे चढले, की पोरगी म्हणाली, आई, पुढच्या वर्षी येते. सौंसरवालीनं तिच्यासाठी केलेले अनारसे आम्हा सगळ्यांना वाटून टाकले आणि म्हणाली, "लेकीचा सण मी विमानवाल्याईच्या हातात देऊन बसली. आता नाही देत." तेव्हापासून लोक कापसाचा भाव पाहतात तसा ती रोज सकाळी चहासोबत तिकिटाचा भाव पाहायची. चार महिन्यांत तिला त्याची नाडी सापडली.

"लोकं निंगते तवा आपण निंगायचं नाही," हे तिचं मुख्य सूत्र. दिवाळीच्या आदल्या दोन दिवसांत सगळं जग घरी निघतं, म्हणून पल्लवीला ती लक्ष्मीपूजनाच्या पहाटेच्या विमानात बसवायची. विमान अर्धं रिकामं, आणि पूजेला लेक हजर. भाऊबीजेनंतरचा रविवार टाळून परत पाठवायची ती बुधवारी. नागपूर महाग असलं तर हैदराबादपर्यंत विमान आणि पुढे रेल्वेनं थेट पांढुर्णा. पोरगी कुरकुरायची, "आई, मी अर्धा देश फिरून येते." ही म्हणायची, "फिर ना. पाहाले भेटते."

सामानाचे जादा पैसे भरणं तर तिला पापच वाटायचं. संत्री तोलायच्या काट्याला ती पल्लवीची बॅग टांगायची. वजन भरलं की उरलेला फराळ आणि संत्री लेकीच्या जॅकेटच्या खिशांत. "बॅग तोलते, माणसाले कोणी तोलत नाही," म्हणायची. चारही खिसे फुगलेली पल्लवी अवघडून रिक्षात बसायची आणि सगळी गल्ली हसायची. मीही हसायचे, पण मनातून नाही. सुमितसाठी वेगळा काढून ठेवलेला चिवडा माझ्या डब्यात मऊ पडत असायचा.

एका वर्षी तर तिनं भाऊबीज दिवाळीच्या आठ दिवस आधी उरकली. तेव्हाचं तिकीट स्वस्त होतं आणि पल्लवीला आणि बाहेरगावी असणाऱ्या तिच्या भावाला, दोघांनाही सुट्टी मिळत होती. अंगणात दिवे, रांगोळी, ओवाळणं, सगळं साग्रसंगीत. मला राहवलं नाही. भिंतीवरून म्हटलं, "तिथीबिथी काही आहे का नाही व तुमच्या घरी?"

ती निरांजन हातात घेऊनच वळली. "बाई, तिथी दरवर्षी येते. पोरं येत नाही."

ती मला टोमणा मारत नव्हती, हे मला कळत होतं. तरी मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

खरं सांगायचं तर सुमितचं अडलं होतं ते तिकिटापाशी नाहीच. त्याचं आणि ह्यांचं संत्र्याच्या बागेवरून वाजलं होतं. बाग कोण पाहणार, म्हणून हे ओरडले, तोही नको ते बोलून गेला. त्यानंतर तो फोनवर म्हणायचा, "आई, तिकीट लय महाग आहे." मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. ते चारचौघांत सांगता येत होतं. म्हणून सौंसरवाली जेव्हा जेव्हा म्हणायची, "सुमितचं मी काढून देतो ना बाई," तेव्हा मी तोडून टाकायचे, "त्याचं तो पाहून घेईन."

एकदा मात्र मी हो म्हटलं. तिनं पल्लवीच्या शेजारचीच जागा शोधली, तीही अगदी स्वस्तात, आणि माझ्यासमोर सुमितला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, सुट्टी नाही भेटून राहिली." तिनं फोन ठेवला. मी पदराला हात पुसत घरी आले.

त्या दिवाळीला सगळं कुटुंब तिच्याकडे फराळाला जमलं. कुणीतरी विचारलंच, "सुमित नाही आला?" हे खाली मान घालून बसले. तेवढ्यात सौंसरवाली मोठ्यानं म्हणाली, "माह्याच हातून चुकलं. पाहतो पाहतो म्हणता त्याचं तिकीट गेलं." मग काय, सौंसरवालीचं तिकीट हुकलं म्हणून सगळ्यांनी तिची थट्टा मांडली. तीही हसली. माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी आत काहीतरी जळत होतं. भरलेलं घर तर तिच्याकडे होतंच, वर हे एवढं मोठं मनही तिलाच. देवानं एकाच दारात किती ओतावं!

मागल्या वर्षी भाऊजी, म्हणजे सौंसरवालीचे मालक, वारले. महिनाभरानं पल्लवी तिला बंगळुरूला घेऊन गेली. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. गाडी दिसायला लागली तेव्हा विचारलं, "परतीचं?"

"नाही काढलं, बाई," एवढंच ती म्हणाली.

मला वाटलं होतं, भिंतीपलीकडे शांत झालं की माझा हेवा थांबेल. पण दिवाळीत पलीकडे एकही दिवा नव्हता, आणि मी अंगणात उभी राहून विचार करत होते, आता तर ती लेकीजवळ रोज जेवत असेल.

पुढं संक्रांतीनंतर तिचा फोन आला. "बाई, तुमचं तिकीट काढलं. पुढच्या शुक्रवारचं."

"कोणाले विचारून?"

"कोणालेच नाही. स्वस्त होतं. आता तुम्ही नाही आल्या तर पैसे बुडते. परत भेटत नाही याचे."

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जाऊन ये."

मी गेले. रविवारी दुपारी तिच्या दाराची घंटी वाजली. "उघडा ना बाई, माह्ये हात पिठाचे आहे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. मी दार उघडलं. समोर सुमित. हातात दह्याची पिशवी, चपला काढूनही झालेल्या.

"आई? तू?"

सौंसरवाली बंगळुरूला आल्यापासून तो दर रविवारी तिथं जेवायला येत होता. पांढुर्ण्याची वाट न सापडणारा माझा मुलगा सराईतपणे आत गेला आणि दही फ्रिजमध्ये कुठं ठेवायचं ते त्याला माहीत होतं. आयुष्यभर मी तिचा हेवा केला, पण असा कधी केला नव्हता. वाटलं, आल्या पावली परत फिरावं.

सौंसरवाली बाहेर आली आणि पोळ्यांचा डबा तिनं माझ्या हातात दिला. "तुम्ही वाढा. पल्लवी आणि मी भाजी घेऊन येतो खालून." मी काही बोलायच्या आत दोघी गेल्या.

मी ताट वाढलं. सुमितनं घास मोडला, पण तोंडात घातला नाही. ताटाकडेच बघत म्हणाला, "बाबा कसे आहे?"

त्याच्या तोंडून 'बाबा' हा शब्द ऐकून किती काळ लोटला होता! मी त्याच्याजवळ खाली बसले आणि सांगायला लागले, गुडघ्याचं, बागेचं, सगळंच. सांगता सांगता खिडकीतून खाली नजर गेली. भाजीच्या गाडीजवळ सौंसरवाली लेकीसोबत नुसतीच उभी होती. काही घेत नव्हती.