वाटीतला अंगठा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीच्या बसस्टँडवर एका अनोळखी माणसाला तिच्याच अनारशांची गोष्ट सांगत होतो. ती अनारसे तळायला बसली की कारध्याच्या पुलावर एसटीचे ड्रायव्हर काचा सरकवून गाडी हळू करतात, असं मी त्याला जवळजवळ पटवत आणलं होतं. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, मग पुढं काय झालं? मला पुढचं काही आठवेना...

मीराबाई ही माझी मोठी वहिनी. सारी हयात तिचं एकच माप, पितळी वाटी. वाटीभर ओलसर तांदळाचं पीठ, वाटीभर किसलेला गूळ. तिची लेक सुषमा लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिथून फोनवर ग्रॅम मागू लागली. वहिनी म्हणाली, "ग्रॅमनं सोनं मोजतेत भाऊजी, पीठ नाही." पण मी कुठला ऐकतो! साकोलीहून इलेक्ट्रिक काटा आणला, असा नाजूक की माशीनं नुसता विचार केला तरी आकडा हलावा. वाटी मी स्वतः भरली, गूळ दाबला, सुरीनं सपाट केला आणि आकडे पुण्याला कळवले.

पुण्यात अनारसे हसले. तेलात पडताच विरघळून पसरले, की असंच म्हणतात. एक दिवाळी, दुसरी, तिसरी. मी आधी तेलाला दोष दिला, मग तिकडच्या गुळाला; पुण्याच्या हवेलाही सोडलं नाही. शेवटी एका सुट्टीत सुषमा आईलाच बोलली, "सुनेपासून लपवावं तसं तू लेकीपासून लपवून राहिली." वहिनी पदरानं वाटी पुसत राहिली. त्यानंतर दोघींच्या बोलण्यात अनारसा कधी आला नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. सुषमा थांबली होती. एका दुपारी तिनं डबे काढले, पीठ मोजलं आणि काटा समोर घेऊन नुसती बसली.

"काका, आईनं मले खरं माप काहून नाही सांगतलं?"

मी खाटेवर पडलो होतो. छपराच्या कवेलूंच्या फटीतून ऊन उतरत होतं, त्यात पिठाची धूळ तरंगत होती. डोळा लागला होता की नाही, कोण जाणे... पण त्या उन्हात मला वहिनीचा हात दिसला. फक्त हात. पीठ घेताना वाटी तळहातावर. गुळाच्या डब्यात मात्र चिकट वाटी निसटू नये म्हणून काठावरून अंगठा आत रोवलेला. इतकी वर्षं पाहिलेला हात, आणि वजन करायच्या दिवशी मीच तो बाजूला सारला होता. तिनं काहीच लपवलं नव्हतं. तो अंगठा तिला स्वतःलाच ठाऊक नव्हता. चूक माझी, बोलणी तिनं खाल्ली.

हे सुषमाला सांगताना मी जन्मात पहिल्यांदा काही वाढवून सांगितलं नाही. माझा अंगठा म्हणजे केळं, म्हणून तिनंच आपला वाटीत घातला, गूळ भरला, अंगठा काढून वाटी काट्यावर ठेवली. मी कळवलेल्या आकड्याहून अठरा ग्रॅम कमी.

पाच दिवसांनी तळले, एकही हसला नाही. पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ती दुपारच. अंगठा काढला तिथं गुळात खळगा तसाच राहिला होता. आकडा वाचून झाला, काट्याचा दिवा आपोआप विझला, ऊन सरकत वाटीवर आलं. मी वाटी पिठात उलटी करायला हात पुढं केला.

"राहू द्या काका," सुषमा म्हणाली, "थोडा वेळ."