‘ने’ म्हणाली म्हणून

दारातल्या सब्ज्याला, म्हणजे तुळशीच्या या परदेशी बहिणीला, पाणी घातलं की लवंगेसारखा वास सुटतो आणि मी खामगावातून थेट ग्रीसच्या एका बेटावर उतरतो. आम्ही नवरा-बायको शिडाच्या होडीतून बेटं पाहत फिरत होतो. धक्क्यामागच्या जुन्या गल्लीत एका पांढऱ्या घराच्या पायरीवर कुंडी दिसली आणि बायको थबकली. इतक्या दूर दारात तुळस कशी? तिने पायरीवरच्या आजीबाईंना सरळ वऱ्हाडीत विचारलं, “तुळस हाय का जी हे?” आजीबाई हसून म्हणाल्या, “ने.” बायकोने कुंडी उचलून कडेवर घेतली. “अवं, ठेव ते खाली,” मी म्हटलं. “काऊन? बाई सोताच ने म्हणून राह्यली, मंग नेऊ नको काय?” पुढे बायको, मागे मी, माझ्यामागे ओरडणाऱ्या आजीबाई आणि त्यांच्यामागे त्यांचं मांजर, अशी वरात धक्क्यावर पोचली. आता चोर म्हणून धरतात की काय, असं मला वाटू लागलं. आमच्या होडीवाल्याने माझी बाजू इंग्रजीत आणि आजीबाईंची त्यांच्या भाषेत ऐकली आणि तो पोट धरून हसला. तिथल्या भाषेत ‘ने’ म्हणजे हो. बायकोने मुकाट्याने कुंडी परत दिली, पण तिची नजर पानांवरून हटेना. होडीवाल्याने सगळं समजावल्यावर आजीबाईंनी एक वाळलेली मंजिरी बायकोच्या तळहातावर चोळली आणि तिची मूठ मिटून दिली. त्याच बियांचं हे दारातल्या कुंडीतलं झाड. परवा शेजारणीने फाटकातून विचारलं, “काकू, तुळस हाय का हे?” मी आतूनच गंभीर आवाजात म्हणालो, “ने.” बायको कणकेच्या हातांनी धावत जाऊन कुंडीपुढे आडवी उभी राहिली.