न झालेली पेनल्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. क्लाराला, म्हणजे बायकोलाही नाही. आमच्या घरी किस्से सांगायचं खातं माझ्याकडे — एकाचे तीन करतो, पोट सुटलं तशी जीभही सुटली — पण हा एक किस्सा मात्र… असो. सांगतो.

माझे सासरे फ्रेंच. ऱ्हाइन नदीपलीकडच्या एका फुटबॉल क्लबचे भक्त. त्या क्लबाने एके काळी देशाचं अजिंक्यपद मिळवलं होतं. मग दिवाळं निघालं आणि स्वारी थेट पाचव्या विभागात, गावोगावच्या हौशी संघांशी खेळायला. ते टीव्हीवर कोण दाखवणार? नेमके तेव्हाच पापांचे — सासऱ्यांना मी पापाच म्हणायचो — गुडघे गेले. इकडे जर्मनीत, वाल्डॉर्फला आमच्याकडे राहायला आले आणि म्हणाले, तू जा, बघून ये, मला सांग.

गेलो. दोनदा. चिखल, वारा, शून्य-शून्य. तिसऱ्या शनिवारपासून मी सीमेअलीकडच्या एका बेकरीत बसू लागलो — कॉफी, ब्रेट्झेल आणि फोनवर निकाल. निकाल खरा, सामना माझा. पापा डोळे मिटून ऐकायचे. "आल्झो, मग?" असं त्यांनी विचारलं की मला थांबायचं भान राहत नसे. एकदा मी आमच्या गोलकीपरला शेवटच्या मिनिटाला तोंडावर पेनल्टी अडवायला लावली. नाकातून रक्त वगैरे.

पापांनी ते कौतुकाने फोनवर जिलबेरना सांगितलं. जिलबेर म्हणजे स्टँडमध्ये चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी उभे राहिलेले मित्र. ते म्हणाले, पेनल्टी झालीच नाही. आणि तुझा जावई तर मला तिथे कधी दिसलाच नाही.

पापांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "होतास ना तू?"

तेव्हा सांगता आलं असतं. काय झालं असतं — दोन दिवस अबोला? मी म्हणालो, "होतो की. जिलबेरच आले नव्हते."

कळतंय ना, मी काय केलं? क्लब तळाला गेलेला असताना घरी बसणं — त्या लोकांत याहून मोठं पाप नाही. पापा फोनमध्ये "पळपुट्या" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. कायमचा.

क्लब एकेक पायरी चढत वर आला. पहिल्या विभागात परतला त्या दिवशी पापा टीव्हीसमोर रडले. त्यांचा हात फोनकडे गेला — आणि मागे आला. मी पाहिलं. पाहून काय केलं? चिवड्याची बशी पुढे केली. त्याच वर्षी ते गेले.

अंत्यविधीला जिलबेर आले होते. मला म्हणाले, त्याच्या जागेवर तू येत जा. तेव्हापासून मी खरंच सामन्याला जातो, त्यांच्या शेजारी उभा राहतो. परवा त्यांनी पुढच्या रांगेतल्या बाईंना त्या पेनल्टीचा किस्सा सांगितला, अगदी नाकातल्या रक्तासकट. "मीच विसरलो होतो," म्हणाले, "उगाच भांडलो त्याच्याशी." मग माझ्याकडे वळले. "असंच झालं होतं ना?"

मी म्हणालो, "गेनाऊ. अगदी असंच."