आईच्या व्हायोलेटचं पान

आईची व्हायोलेटची कुंडी वाळली, लावायला काही द्या, असा शेवगावहून वहिनींचा फोन आला. आज देठासकट पान कापलं, ओल्या वाळूत खोचलं आणि त्या वासासरशी ती दुपार आठवली.

वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही मी नुकतीच दादाला करून दिली होती. आईची कुंडी तेवढी मागितली. वहिनींनी एक पान खुडून हातावर ठेवलं. "वन्सं, एका पानाचं आख्खं झाड हुतं. कुंडी कशाला न्यायची?" दादा जांभळ्या फुलांकडं बघत चहा पीत राहिला. मी हसून बरं म्हणाले. भांडण टळल्याचं समाधान वाटलं होतं. आता कळतं, एका पानावर हिचं भागतं, हे दोघांनी ओळखलं होतं.

माझ्याकडं आज त्या पानाच्या सहा कुंड्या आहेत. वहिनींसाठी पान एकच कापलं.