मेहकरच्या मरळीची कडगंचीत परीक्षा

"अक्का, मरळीचा चिकटा आणायला येतीस का?" धाकट्या बहिणीचा, प्रज्ञाचा, फोन आला आणि मी लगेच रजा टाकली. लोक मासे खायला गोव्याला जातात; आम्ही माशाच्या अंगावरची बुळबुळ आणायला उदगीरजवळच्या मेहकरला निघालो! प्रज्ञा कडगंचीजवळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. हा चिकटा जंतू मारतो का, हे तिला तपासायचं होतं.

मला खरी काळजी मामांची होती. सोपानमामा मेहकरला शेततळ्यात मासे पाळतात. पायाला खुरपं लागलेलं, त्यात साखरेचा आजार, जखम काही भरेना. आणि हे रोज त्यावर मरळीचा चिकटा लावणार! दवाखान्याचं नाव काढलं की कपाळाला आठ्या.

उदगीरहून सकाळी लवकर निघालात तर नाश्त्याच्या वेळेला मेहकर येतं. मामांनी "जय भीम, या या!" म्हणत टोपली पुढे केली. आत दोन मरळी, राखेनं घासून लख्ख. मरळ हातातून निसटते म्हणून इकडे तिला राख लावूनच धरतात. मामांनी तर प्रेमापोटी तीनदा घासलेली.

"कामून घासलीत?" प्रज्ञा रडायच्या बेतात.

"पावण्याला बुळबुळीत मासा द्यावा व्हय?"

"मामा, मला तीच बुळबुळ पायजे होती की!"

हसून हसून माझं पोट दुखलं. मामा पायाला पिशवी बांधून पाण्यात उतरायला निघाले, तेव्हा मात्र मी ओरडले आणि स्वतःच जाळं घेऊन उतरले. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा सापडली. काय आनंद झाला म्हणून सांगू! प्रज्ञानं फक्त पाठीवरून हलक्या हातानं चिकटा खरवडला, कुपी बर्फात ठेवली आणि मरळ पाण्यात सोडली.

निघताना मामांनी अट घातली. "तुमची परीक्षा चांगलं म्हनली, तर मी दवाखान्यात येनार न्हाई. वाईट म्हनली, तर तू म्हनशील तिथं येतो."

कडगंचीच्या वाटेवर राजेश्वर गावात चुरमुऱ्यांचा गरम सुसला आणि मिरची भजी खाल्ली. दोघींचं मिळून शंभरात भागलं. चुकवू नका! बसवकल्याणला पेट्रोल भरून घ्या, कारण आळंदपर्यंत खड्डे तुमची परीक्षा घेतात. मी कुपी मांडीवर धरून बसले होते, गाडी प्रज्ञा चालवत होती.

रात्री प्रयोगशाळेत प्रज्ञानं एका बशीत जंतू पसरून मधे चिकट्याचा थेंब टाकला होता; दुसऱ्या दिवशी सकाळी ती बशी उघडली. सगळीकडे जंतूंचा पांढुरका थर, आणि चिकट्याच्या थेंबाभोवती स्वच्छ गोल! आम्ही दोघी नाचलोच. मग लक्षात आलं, मामा अट जिंकले होते.

"थांब अक्का, ह्या बघ." तिनं दोन नळ्या समोर धरल्या. दोन्हींत मिठाच्या पाण्यात रक्तपेशी. साध्या नळीत पेशी तळाशी बसलेल्या, वर पाणी नितळ. चिकटा घातलेल्या नळीत सगळं पाणी लालभडक.

"पेशी फुटल्यात. जंतू मारतंय, पन रक्तालाबी सोडंना. एका मरळीवरून पक्कं सांगता येत न्हाई, पुन्हा करावं लागंल. पन उघड्या जखमेवर नकोच."

मी तिथूनच मामांना फोन लावला. "मामा, जंतू मरतात."

"मग! म्या काय म्हनलो होतो?"

"पण रक्तपेशीही फुटतात."

मामा म्हणाले, "म्हंजे राखणीला ठेवलेलं कुत्रं घरच्यालाच चावायलंय म्हन की. कवा येऊ?"

त्याच आठवड्यात मामा उदगीरला माझ्याकडे, दवाखान्यात दाखवायला आले. आता एक दिवसाआड मलमपट्टी चालू आहे, जखमेच्या कडा सुकू लागल्यात. प्रवासातले खड्डे मी विसरले, तो स्वच्छ गोल अजून डोळ्यांपुढे आहे आणि ती लाल नळीही. परवा मामांनी माझ्यासाठी मरळ आणली. धुवायला घेतली तर हातातून सटकून थेट ओट्याखाली.

"मामा, हिला राख लावली नाहीत?"

"न्हाई लावली," मामा पट्टी बांधलेला पाय सांभाळत खाली वाकले. "म्हनलं, धाकटीला आनखी तपासायचं आसंल."